किरकोळ दुखणे, साथीचे दिवस आणि शिक्षक
(केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



प्राथमिक शिक्षकाच्या निरोपसमारंभात एक वाक्य हटकून ऐकू येते. "गुरुजींनी उभ्या नोकरीत, अंगात ताप असतानाही, कधी शाळा बुडविली नाही." टाळ्या पडतात, गुरुजी मान खाली घालतात आणि पुढचा वक्ता तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतो. हा गौरव खोटा नसतो. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक घरी राहिला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, आणि एकशिक्षकी शाळेचे तर कुलूपच निघत नाही. अशा ठिकाणी कणकण सोसून वर्गावर उभा राहणारा शिक्षक गावाच्या आदरास पात्र होतो, यात नवल नाही. परंतु साथीच्या दिवसांत हाच सद्गुण घातक ठरू शकतो. ज्याला अंथरूण धरावे असे काहीही झालेले नाही, केवळ घसा खवखवतो, नाक वाहते, अंग थोडे मोडून आले आहे, त्याने शाळेत जावे की घरी वेगळे राहावे? भारी आजाऱ्यापुढे हा प्रश्न येत नाही. त्याचे शरीरच निर्णय देऊन टाकते. प्रश्न येतो तो चालत्याफिरत्या माणसापुढे, आणि तोही बहुधा सकाळी सात वाजता, एसटीची वेळ झालेली असताना.

उदाहरणादाखल एका गुरुजींची कल्पना करावी. काळ डिसेंबर २०२१ चा. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडले होते. मार्च २०२० पासून सुमारे वीस महिने शाळांना कुलूप होते. दुसरीच्या वर्गात बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता; त्यांना रांगेत उभे राहणेही शिकवायचे होते. गावातील निम्मी कुटुंबे ऊसतोडणीला गेलेली, मुले आजीआजोबांपाशी राहिलेली. अशा शाळेतील हे गुरुजी सोमवारी पहाटे उठतात, तो घसा धरलेला. ते मनाशी हिशेब करतात. काल रानात धुळीचे काम झाले, त्याचाच हा परिणाम असावा. थंडीही पडली आहे. लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या आहेत. ताप तर मुळीच नाही. आणि दुसरीची मुले आत्ता कोठे अक्षरे गिरवू लागली आहेत. गुरुजी गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर पडतात.

या विचारांत खोटे असे एकही विधान नाही. धुळीने घसा बसतो, हे खरेच आहे. परंतु त्या घशात काय आहे, हे धुळीच्या कारणाने सिद्ध होत नाही. लसीने रोगाची तीव्रता पुष्कळ कमी होते. लस घेतलेल्याकडून दुसऱ्याला संसर्ग होणारच नाही, अशी हमी मात्र ती देत नाही. तापाची गोष्ट तर अधिकच फसवी. शाळेच्या दारात कपाळासमोर ताप मोजण्याचे यंत्र धरण्याची पद्धत त्या काळी रूढ झाली होती, आणि तिच्यामुळे एक चुकीची समजूत पक्की झाली की ताप नाही म्हणजे रोग नाही. प्रत्यक्षात कोविडच्या अनेक सौम्य रुग्णांना ताप आलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये देशात प्रथम आढळलेला ओमायक्रॉन हा प्रकार तर अनेकांच्या बाबतीत साध्या पडशासारखाच भासला. जानेवारी २०२२ मध्ये तो इतक्या वेगाने पसरला की राज्यातील शाळा पुन्हा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

येथे रोगाच्या स्वभावाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. सन २००३ मध्ये सार्स नावाचा श्वसनरोग अनेक देशांत पसरला. जगभर सुमारे आठ हजार माणसांना तो झाला, त्यांपैकी सातशेंहून अधिक दगावली, आणि त्याच वर्षी तो आटोक्यातही आला. कोविड त्याच कुळातील विषाणूचा रोग. तरीही तो आटोक्यात आला नाही. याचे एक मोठे कारण असे की सार्सचा रुग्ण सर्वांत अधिक संसर्गकारक असे तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तोवर तो रुग्णालयात पोहोचलेला असे. रुग्णांना वेगळे ठेवले की साखळी तुटत असे. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला रोग देऊ शकतो, आणि त्याची ही शक्ती लक्षणांच्या आरंभीच्या दिवसांत सर्वाधिक असते. म्हणजे ज्या सकाळी गुरुजींना "काही विशेष नाही" असे वाटते, नेमकी तीच सकाळ इतरांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची. "दोन दिवस पाहू, वाढले तर घरी राहू" हा व्यवहारी वाटणारा बेत म्हणूनच उलटा आहे. घरी राहायचे ते पहिल्या दिवशी. पाचव्या दिवशी घरी बसून इतरांचा लाभ फारच थोडा होतो.

आपल्या समाजाला रोग्याला वेगळे ठेवणे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. देवीच्या किंवा कांजिण्यांच्या घराला कडुलिंबाचा डहाळा लागत असे, आणि तो पाहून येणारा माणूस उंबऱ्याबाहेरूनच परत फिरे. प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. आजही डोळे आलेले मूल वर्गात दिसले की शिक्षक त्याला त्याच घटकेला घरी पाठवितात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा हे सर्वांनी केले. गोवर, गालगुंड, कांजिण्या यांबद्दलही शिक्षकाच्या मनात संदेह नसतो. हे सगळे रोग दिसतात. लाल डोळा दिसतो, अंगावरील फोड दिसतो. घशाची खवखव मात्र ज्याची त्यालाच कळते. तिचा निवाडा करणारा दुसरा कोणी नसतो, आणि माणूस स्वतःच्या बाबतीत फार सौम्य न्यायाधीश असतो.

सक्तीने हे काम होईल काय? पुण्यात १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सैनिक घराघरांत शिरले. रोगी आणि संशयित ओढून नेले जाऊ लागले, देवघरापर्यंत झडत्या झाल्या. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यूही दडवू लागले. लोकांतील संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारापर्यंत पोहोचला. ज्या दुखण्याची खबर दिल्याने शिक्षा होते, ते दुखणे कोणी सांगत नाही. २०२० सालीही हे दिसले. ज्या वस्त्यांत बाधित कुटुंबाचे पाणी तोडले गेले, दूध बंद झाले, तेथे पुढच्या माणसाने आपला खोकला हातरुमालात दाबला. शाळेलाही हाच न्याय लागू आहे. किरकोळ आजाराच्या रजेचा अर्ज पाहताच "बरी संधी साधली" असे म्हणणारा मुख्याध्यापक किंवा अधिकारी आपल्या शाळांत साथ पसरण्यास हातभार लावीत असतो. रजेचा गैरवापर करणारे शिक्षक नसतात असे नाही. परंतु ते साथ नसतानाही तो करतात, आणि त्यांच्यासाठी इतर सर्वांना खोकत शाळेत बोलावणे हा उपाय नव्हे.

त्यागाच्या आदर्शाविषयी येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. प्लेगच्या त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेगच्या रोग्यांसाठी त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले आणि त्या स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. शिक्षकाला याहून मोठा आदर्श नाही. पण त्या आदर्शाचा अर्थ नीट लावला पाहिजे. सावित्रीबाईंनी दुसऱ्याचे संकट आपल्या अंगावर घेतले. घसा दुखत असता वर्गात जाणारा शिक्षक आपले संकट दुसऱ्याच्या अंगावर घालतो, आणि त्याचे हे धैर्य ज्यांच्या जिवावर असते त्यांना त्याने विचारलेलेही नसते. वर्गातील मुलांना बहुधा फारसे होत नाही, हे खरे. पण ती मुले सायंकाळी ज्या आजीच्या कुशीत झोपतात, ती सत्तरीची आहे आणि तिला मधुमेह आहे. पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंच्या घरीही कोणी म्हातारे माणूस असते. गुरुजींच्या हिशेबात ही माणसे आलीच नव्हती.

याचा अर्थ नाक वाहिले की वर्षभर केव्हाही शाळा सोडावी, असा कोणी घेऊ नये. तसे केल्यास थंडीत एकही शाळा चालणार नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडविषयक जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर साध्या सर्दीकडे पूर्वीसारख्या तारतम्याने पाहणे योग्यच होते. वेगळे राहण्याचा विचार दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे करायचा: परिसरात साथ पसरते आहे असे आरोग्यखात्याने कळविले आहे, आणि आपल्याला काही तरी नवे होते आहे. "नवे" या शब्दावर भर आहे. एखाद्याला दर सुगीला भुश्याने शिंका येतात, एखाद्याला खडूच्या भुकटीने वर्षानुवर्षे ढास लागते. तो आपला जुना सोबती ओळखतो. परंतु अकस्मात आलेला, नेहमीच्या वळणाचा नसलेला त्रास साथीच्या दिवसांत साथीचाच समजावा, आणि तपासणीने वेगळे ठरेपर्यंत तसे वागावे. तपासणीतही एक खाच आहे. झटपट निकाल देणारी प्रतिजन चाचणी रोग दाखवील तर तो मानावा. पण लक्षणे असून ती रोग नाही म्हणाली, तर तेवढ्याने निःशंक होऊ नये. अशा वेळी पुन्हा आरटीपीसीआर चाचणी करावी, अशीच त्या काळी शासकीय सूचना होती.

चूक होण्याचा संभव दोन्ही बाजूंनी आहे. गुरुजी घरी राहिले आणि तो केवळ धुळीचा घसा निघाला, तर काही दिवसांचे पाठ बुडतात. ते नुकसान लहान नाही, विशेषतः वीस महिन्यांनी शाळा पाहणाऱ्या मुलांचे. परंतु ते भरून काढता येते. गुरुजी गेले आणि तो रोग निघाला, तर दुसरे शिक्षकही आजारी पडतात, शाळा बंदच होते, आणि एखाद्या घरातील जे माणूस जाते ते कोणत्याही जादा तासाने परत येत नाही.

आता घरातील व्यवस्था. पुस्तकात स्वतंत्र खोली लिहिलेली असते. पुष्कळ शिक्षकांचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे असते. पडवी किंवा ओसरी असल्यास खाट तेथे टाकावी, कारण मोकळ्या हवेत हा रोग फार कमी पसरतो. तेही नसल्यास खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, निजताना अंतर ठेवावे, माणसांत यावे लागेल तेव्हा नाकतोंडावर मुखपट्टी असावी, आणि घरातील वृद्धांची सेवा या दिवसांपुरती दुसऱ्याकडे द्यावी. मुदतीचे नियम साथीबरोबर बदलत गेले. जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनेप्रमाणे, सौम्य रुग्णाने चाचणीत रोग ठरल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसेपर्यंत वेगळे राहायचे होते. पुढील कोणत्याही साथीत त्या वेळची सूचना आरोग्य उपकेंद्रातून विचारून घ्यावी; जुने कात्रण जपून त्यावर विसंबू नये.

सौम्य दुखणे सौम्यच राहील असेही नाही. कोविडमध्ये काहींच्या रक्तातील प्राणवायू उतरला तरी त्यांना धाप लागली नाही. ते बोलत, जेवत असतानाच अत्यवस्थ झाले. बोटाला लावण्याच्या यंत्रावर आकडा ९४ च्या खाली आला किंवा सहा मिनिटे चालून तो तीनने उतरला, छातीत दडपण वाटले, भ्रम झाला, तर वेगळे राहण्याचा निश्चय बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. आशाताईंना पहिल्याच दिवशी कळविलेले असले म्हणजे ही धावपळ एकट्यावर पडत नाही.

उरतो तो सकाळी सातचा प्रसंग. एसटी फाट्यावर येत असताना, मुख्याध्यापकांना काय सांगावे, आहाराचे धान्य कोण मोजून देईल, कुलूप कोण काढील, हे प्रश्न डोक्यात असले की माणूस घशाची खवखव किरकोळ ठरवून मोकळा होतो. गुरुजींना घराबाहेर खेचले ते यांनीच. ताप नसणे हे फक्त निमित्त. म्हणून ही व्यवस्था निरोगी असतानाच लावून ठेवावी. शाळेची दुसरी किल्ली शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी. धान्याची नोंदवही कोठे आहे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ठाऊक असावे. प्रत्येक इयत्तेसाठी पाच दिवस पुरेल असा स्वाध्याय कपाटात वेगळ्या पाकिटात असावा, म्हणजे दुसऱ्या शिक्षकाला चारही वर्ग सांभाळताना निदान काय करून घ्यायचे हे शोधावे लागणार नाही. शेजारच्या शाळेशी बोलून केंद्रप्रमुखांनी बदली शिक्षकाची तोंडी का होईना व्यवस्था ठरवून ठेवावी. आणि आदल्या रात्री घसा धरल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री सहकाऱ्याला दूरध्वनी करावा. रात्री नऊ वाजता "उद्या येत नाही" हे सांगणे, एसटी दिसू लागल्यावर सांगण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते.