अनोळखी माणसाला जामीन

(संगमनेर येथें शेतकरी, तेली, विणकर व विडी कामगार मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज मला परोपकार या विषयावर बोलावयास सांगितलें आहे. विषय ऐकूनच आपल्यापैकीं निम्मे लोक जांभया देणार हें मी जाणून आहें, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. परोपकारावर बोलणारे आजवर पुष्कळ येऊन गेले. शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढून घेतला आणि गेले. म्हणून हा शब्द मी बाजूला ठेवतों आणि तुम्हां सर्वांच्या ओळखीचा, ऐकतांच अंगावर कांटा आणणारा दुसरा शब्द घेतों. तो शब्द म्हणजे जामीन.

जामीन राहणें म्हणजे काय हें शेतकऱ्याला शिकवावयास नको. माझ्या वडिलांनीं एका शेजाऱ्याच्या कर्जाला अंगठा दिला. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलें नाहीं, हप्ते थकले, आणि एके दिवशीं आमच्या दावणीची बैलजोडी बाजाराला गेली. त्या रात्रीं आईनें चूल पेटविली नाहीं. तेव्हांपासून आमच्या घरांत नियम पडला कीं सख्ख्या भावालाहि सही द्यावयाची नाहीं. तुमच्या घरांतहि तोच नियम असेल. तरीसुद्धां आज मी अशा लोकांची हकीकत सांगणार आहें कीं ज्यांनीं तोंडहि न पाहिलेल्या माणसांकरितां सरकारदरबारीं जामीन दिला. त्या जामिनावर आलेल्यांपैकीं कित्येक माणसें पुढें आपल्याच नगरला कांटेरी तारेच्या आंत येऊन पडलीं होतीं.

हे लोक म्हणजे मुंबईचे यहुदी. नांव काढतांच मागें कुजबूज सुरू झाली ती मला ऐकूं येते. कोणी म्हणतो, त्यांचा आमचा संबंध काय? कोणाच्या मनांत त्यांच्या देशांत चाललेली लढाई आहे. त्या राजकारणाविषयीं आपल्यांत निरनिराळीं मतें आहेत, माझेंहि एक मत आहे. पण तो आजचा विषय नव्हे. मी आपल्या मराठी मुलखांतल्या यहुद्यांविषयीं बोलत आहें, आणि संबंध विचाराल तर तो घाण्यापासून आहे.

अलिबाग, पेण, रोहें या बाजूला पूर्वीं तेल गाळणारी एक जमात होती. भाषा मराठी, बायकांचें नेसणें लुगडें, आडनांवें किहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशीं गांवावरून पडलेलीं. वेगळेपण एकच. शुक्रवारीं दिवस मावळला कीं त्यांचा घाणा थांबे तो शनिवारची सांज होईपर्यंत फिरत नसे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. येथें बसलेल्या तेली बंधूंना विचारा, दर आठवड्याला एक दिवस घाणा बंद ठेवणें म्हणजे केवढी पदरमोड! त्यांच्याजवळ त्या काळीं ग्रंथ नव्हता, मूळची इब्री भाषा विसरून गेली होती, तरी एवढी गोष्ट त्यांनीं सोडली नाहीं. त्यांच्या धर्माज्ञेंत त्या दिवशींची विश्रांति बैलालाहि सांगितली आहे, हें मला फार आवडलें. तेच हे बेने इस्राएल. नौगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटलें, सात जोडपीं वांचलीं आणि त्यांचा हा वंश, असें ते परंपरेनें सांगत आले आहेत.

अठराव्या शतकांत यांपैकीं पुष्कळ लोक मुंबईस गेले. कोणी सुतार झाले, कोणी गवंडी, कोणी कंपनीच्या पलटणींत शिपाई. सामाजी हसाजी दिवेकर हा पलटणींतला अंमलदार. त्यानें सन १७९६ मध्यें मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मुंबईच्या मस्जिद स्टेशनाला नांव पडलें तें याच मशिदीवरून असें सांगतात. नवस फेडावयाचा असला कीं त्यांच्या घरीं मलिदा होतो. पोहे, गूळ, खोबरें, वर फळें, आणि मुखीं एलियाहू नबीचें नांव. धर्मकथेवर मराठींतून कीर्तनेंहि त्यांनीं केलीं. म्हणजे परके कोण आणि आपले कोण हें तुम्हीच ठरवा.

आतां यहुद्यांचा दानधर्म म्हटला कीं लोकांना ससून आठवतें. बाळंतपण अडलें, पाय मोडला, साप चावला, कीं ‘पुण्याला ससूनला न्या’ हें वाक्य आपल्याकडील प्रत्येक घरानें कधीं ना कधीं ऐकलेलें आहे. डेव्हिड ससून हा बगदादहून आलेला यहुदी व्यापारी. त्याच्या देणगींतून उभें राहिलेलें तें इस्पितळ १८६७ सालीं पुरें झालें. त्याच्या पैशांत कापसाबरोबर अफूचाहि पैसा होता, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. इस्पितळानें लाखों गोरगरीब वांचविले हेंहि तितकेंच खरें. पण ससूनसारखें दान तुम्ही आम्ही करूं शकत नाहीं. म्हणून आपल्याला त्यापासून शिकण्यासारखें थोडें आहे. शिकावयाचें तें शनवार तेल्यांपासून.

या गरीब जमातींतले हाईम सॅम्युएल किहीमकर हे सरकारी नोकरींतले गृहस्थ. त्यांनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं १८७५ सालीं मुंबईंत इस्राएली शाळा काढली. मदतीसाठीं लंडनपर्यंत पत्रें गेलीं आणि मदत आलीहि. पण शाळा चालवावयाची म्हणजे रोज कोणीतरी आपला वेळ द्यावा लागतो, तो लंडनहून येत नाहीं. पुढें १९१३ सालीं मुंबईंत त्यांचें स्त्री मंडळ निघालें. त्याच्या पुढारी बाई डॉक्टर येरुशा झिराड. या बाईंची एक गोष्ट मुद्दाम सांगतों. त्या विलायतेस डॉक्टरीचा पुढचा अभ्यास करावयास गेल्या त्यासाठीं त्यांना टाटांकडून शिष्यवृत्ति मिळाली, ती कर्जाऊ होती. फुकट नव्हे, कर्जाऊ! १९१९ सालीं लंडनची एम. डी. ही पदवी घेऊन त्या परतल्या, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाच्या मुख्य होत्या. किती जातींच्या बायका त्यांच्या हातून सुखरूप बाळंत झाल्या असतील याची गणती कोण करणार? १९६६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. एका मुलीच्या कर्जावर विश्वास ठेवला त्याचें हें व्याज.

आतां जामिनाकडे येतों. १९३३ सालीं जर्मनींत हिटलर सत्तेवर आला आणि तेथील यहुद्यांच्या नोकऱ्या, दुकानें, पुढें घरेंदारें हिरावून घेण्यास सुरुवात झाली. जो तो देश सोडूं लागला. पण जावें कोठें? हिंदुस्थान सरकारचें म्हणणें असें कीं हे लोक उद्यां आमच्या डोक्यावर बसतील, यांना पोसणार कोण? येथें नोकरी ठरली असेल, किंवा येथला कोणी त्यांच्या पोटाची हमी लेखी देत असेल, तरच येऊं देऊं. मुंबईच्या यहुद्यांनीं १९३४ सालींच ज्यूइश रिलीफ असोसिएशन नांवाची साह्यसंस्था काढली होती. त्या संस्थेनें ही हमी आपल्या शिरावर घेतली. हमी कोणाची? व्हिएन्नाच्या दातांच्या डॉक्टराची, बर्लिनच्या कारकुनाची, प्रागच्या गवयाची. ना ओळख, ना भाषा एक, ना खाणें एक. कागदावर फक्त नांव आणि वय. आपल्या सोसायटीच्या कर्जाला जामीन घेतांना सातबारा पाहतात; येथें त्या माणसाजवळ सातबाराच काय, स्वतःचा देशहि राहिला नव्हता. युद्ध पेटेपर्यंत अशीं शेंकडों माणसें हिंदुस्थानांत येऊन पोंचलीं. त्यांतल्या एका गवयानें, वॉल्टर कॉफमन यानें, रचलेली आकाशवाणीची धून तुमच्या वडिलांनीं रोज सकाळीं रेडिओवर ऐकली आहे.

आणि मग सप्टेंबर १९३९ आला. इंग्रजांचें जर्मनीशीं युद्ध सुरू झालें. सरकारनें जर्मन म्हणून जेवढा पुरुष सांपडला तेवढा उचलला आणि नगरच्या छावणींत नेऊन कोंडला. आंत हिटलरचे पक्के भक्तहि होते, आणि हिटलरच्या भीतीनें पळून आलेले यहुदीहि होते. एकाच तारेच्या आंत लांडगा आणि मेंढरूं! संगमनेरहून नगर किती लांब? तरी ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांत कोणी मुलांना सांगत नाहीं. किल्ल्यांत १९४२ पासून पंडित नेहरू होते एवढेंच आपण सांगतों.

त्या वेळीं ही संस्था पुन्हा पुढें आली. हे लोक शत्रु नसून शत्रूचे बळी आहेत, हें सरकारला पटवीत राहणें हें सोपें काम नव्हतें. युद्धाच्या दिवसांत जर्मनाची बाजू घेणें म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणें. कैद्यांची चौकशी करण्यास सर माल्कम डार्लिंग यांची कमिटी नेमली गेली. हे तेच डार्लिंग, ज्यांनीं पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर मोठा ग्रंथ लिहिला. कर्ज कोणाला झेपतें आणि कोणाला नाहीं हें ओळखणाऱ्या माणसापुढें हे जामिनाचे कैदी उभे राहिले, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. पुष्कळ यहुदी सुटले. कांहींना पुढें पुन्हा धरलें, पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत ठेवलें. संस्थेचें काम युद्ध संपेपर्यंत संपलें नाहीं.

हे लोक देव होते असें मात्र समजूं नका. आपल्यांतले सगळे दोष त्यांच्यांतहि होते. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असा भेद होता. गोरे काळ्यांशीं सोयरीक करीत नसत, भांड्याला भांडें लागूं देत नसत. बगदादहून आलेल्या श्रीमंतांना तर हे कोंकणी तेली खरे यहुदीच वाटत नसत. १८३६ सालीं बगदादी पुढाऱ्यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं मुंबईच्या सामायिक दफनभूमींत मधें भिंत घाला. मेल्यावरहि भिंत! आपल्या गांवकुसाबाहेरच्या स्मशानांची आठवण कोणाला झाली नसेल तर त्यानें हात वर करावा. शंभर वर्षांनीं हमी घेणाऱ्या साह्यसंस्थेंत पुढाकार होता तो याच बगदादी व युरोपियन यहुद्यांचा. माणूस एका हातानें भिंत घालतो आणि दुसऱ्या हातानें जामीन देतो. मला हें कोडें सुटलेलें नाहीं.

आज ही जमात फार थोडी उरली. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. बहुतेक लोक इस्राएलला गेले, आतां साऱ्या देशांत सगळे मिळून पांच हजारांच्या घरांत आहेत. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांना अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. पण किहीमकरांची शाळा माझगांवांत सर एली कदूरी यांच्या नांवानें अजून चालू आहे, आणि तिच्या बाकांवर आज बहुतेक मुसलमान मुलें बसतात. यहुद्यांच्या मुलांकरितां काढलेली शाळा, मुलें उरलीं नाहींत म्हणून कुलूप लावून विकून खाल्ली नाहीं. ठाण्याजवळ कळव्याच्या झोपडपट्टींत २०१२ सालापासून एका यहुदी संस्थेचे स्वयंसेवक मुलांना शिकवितात. मुलांचें जेवण वस्तींतल्या बायाच रांधतात. यहुदी तेथें कोणी राहत नाहीं.

आतां आपल्याकडे या. आपल्या प्रत्येक जातीचें वसतिगृह आहे, मंगल कार्यालय आहे, गुणवंतांचा सत्कार आहे. तें वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. तें नसतें तर मी स्वतः शिकलों नसतों. १९२३ सालीं विखे पाटलांनीं लोणीला पतसोसायटी काढली तेव्हां सावकाराच्या तावडींतून शेतकरी सुटला तो एकमेकांच्या जामिनावरच सुटला. परंतु ज्याची जात येथें चार घरांची आहे, ज्याच्या मागें ना कारखाना ना आमदार, त्यानें सही कोणाकडे मागावी?

हें मी हवेंत बोलत नाहीं. या गांवांत एक मुलगी आहे. नांव सांगत नाहीं. बाप लहानपणींच गेला. आईनें सुपांत तंबाखू घेऊन विड्या वळून तिला बारावीपर्यंत शिकविलें, आणि २०२१ च्या करोनांत आईहि गेली. मधलीं वर्षें ती दुकानांत कामाला राहिली. यंदां तिला नर्सिंगला जागा मिळाली आहे. तीन वर्षांचा अभ्यास. पतपेढी एक लाख रुपये देण्यास तयार आहे; दोन जामीनदार पाहिजेत. ती आठ घरीं जाऊन आली. सगळ्यांनीं चहा दिला. एका घरीं विचारलें, तुझ्या जातीचे लोक नाहींत का कोणी?

माझी बायको म्हणाली, आपल्या घरचा नियम विसरलांत का? विसरलों नाहीं. बैल गेले तो दिवस मला अजून दिसतो. पण त्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला असें वाटतें कीं वडिलांची चूक जामीन दिला ही नव्हती. ते एकटे राहिले, ही चूक. मुंबईच्या त्या लोकांनीं एकट्यादुकट्यावर भार टाकला नाहीं, संस्थेच्या नांवानें घेतला. आपणहि वीस घरें एकत्र येऊं. प्रत्येक घरानें महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकावे. मुलीचा हप्ता थकला तर तो त्यांतून भरावा. नाहीं थकला तर रक्कम पुढच्या पोराकरितां राहील. आणि नुसता पैसा नको. पाळीपाळीनें एका बाईनें महिन्यांतून एकदां वसतिगृहावर जाऊन तिला भेटून यावें, डबा न्यावा, जेवण नीट मिळतें का, रात्रपाळीहून येतांना सोबत असते का, हें विचारावें. हें काम पुरुषांनीं करावयाचें नाहीं. आपण विचारावयास जातों आणि उपदेश करून येतों.

हिशेबाची वही पाटलांच्या सूनबाई ठेवतील. त्यांचें अक्षर चांगलें आहे आणि त्या कोणाला भीत नाहींत. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनीं हंगामाचे पैसे परत आल्यावर दिले तरी चालेल. नऊ घरांनीं काल रात्रीं होकार दिला आहे, त्यांत तीन मोमीन घरें आहेत, दोन तेल्यांचीं, एक वडाऱ्याचें. अकरा घरें अजून पाहिजेत.

पतपेढीचा कागद मी येतांना बरोबर आणला आहे, या टेबलावर पाणी पिण्याच्या तांब्याखालीं ठेवला आहे. पहिल्या जामीनदाराच्या रकान्यांत माझी सही झाली आहे. दुसरा रकाना मोकळा आहे. मुदत सोमवारीं दुपारीं चारपर्यंत आहे, आणि पेन माझ्या खिशांत आहे.