मत वेगळे, माणूस आपला



निवडणूक आली की एकाच मोहल्ल्यातले शेजारी सलाम-दुआ बंद करतात. असे का व्हावे? आपण आपल्या मतालाच आपली अब्रू समजतो. मग कोणी मत खोडले की आपलाच अपमान झाला असे वाटते.

या कर्नाळ्याच्या पायथ्याच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड केले. गणेश वासुदेव जोशी यांचा मार्ग सनदशीर. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन करण्यात ते पुढे होते. तरीही खटल्यात फडक्यांची बाजू जोशींनी मांडली.

मुलांनो, विरोधी मत जरूर खोडा; पण आधी ते पुरते ऐकून घ्या. पालकांनो, मुलाने वेगळे मत मांडले तर त्याला गप्प बसवू नका. सहिष्णुतेचा पहिला धडा घरच्या दस्तरखानावरच मिळतो.