ओसरीवरची करवत

श्रोतेहो, लहानपणी आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात एका घराच्या ओसरीवर हातभर लांबीची, दोन्ही कडांना दाते असलेली एक पट्टी टांगलेली असे. मला वाटे, ते सुताराचं हत्यार. त्या घरातले चाचा हसून म्हणाले, “अरे, ही माशाची करवत. तुझ्या जन्माआधी याच खाडीच्या तोंडाशी मिळालेला.”

करवत मासा दिसतो मुशीसारखा, पण गोत्र पाकटाचं. त्याचे कल्ले पोटाच्या बाजूला असतात. उथळ किनारा, खाडीचं गढूळ पाणी, तिवरांची मुळं ही त्याच्या पिल्लांची घरं. गढुळात डोळ्यांचा काय उपयोग? भक्ष्याच्या अंगातून निघणारे विजेचे सूक्ष्म संकेत तो या करवतीनं टिपतो आणि आडवा फटका मारतो. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या दात्यांवर मऊ आवरण असतं. आईला इजा होऊ नये, एवढी काळजी निसर्गानं घेतली आहे.

नायलॉनच्या जाळ्यापुढे मात्र ती काळजी अपुरी पडते. ज्या करवतीवर तो जगतो, तीच जाळ्यात गुंतते. जोडीला त्याची वाढ सावकाश आणि पिल्लं थोडी. त्यामुळे मोठ्या दातांचा करवत मासा आज जगभर अतिसंकटग्रस्त ठरला आहे. भारतात 2001 पासून करवत माशांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.

परवा चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, “कायदा बरोबर आहे, बेटा. पण जाळं कापलं तर चूल कशी पेटणार?” प्रश्न रास्त आहे. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 मध्ये आली. अशी मदत वेळेवर, हेलपाटे न घालता हाती पडली, तरच सुरी माशाऐवजी जाळ्यावर चालेल.

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तेव्हा तो मिळाला म्हणून सगळा मोहल्ला बघायला जमला होता. आता एखादा सुटून गेला, तर तेही बघायला जमायला हवं.”

श्रोतेहो, तसं झालं तर मी जरूर जाईन.