शोधांच्या नोंदी आणि नोंदींचा शोध

जखमेवर हळद लावावी, हें आपल्याकडील कोणत्याहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं. तरीहि १९९५ सालीं अमेरिकेंत, हळदीनें जखम भरून आणण्याच्या उपायाला पेटंट देण्यांत आलें. तें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालें. १९९६ सालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. गोव्यांतील माशेल येथें जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळीं परिषदेचे महासंचालक होते. घरोघरचा अनुभव तेथें पुराव्यास पुरत नव्हता. लेखी आधार हवा होता. परिषदेनें संस्कृत ग्रंथांतील उल्लेख पुढें ठेवले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत १९५३ सालीं आलेला लेख दाखविला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें.

ज्ञान जुनेंच होतें. परंतु पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यास सहज सांपडेल अशा रूपांत तें कोठें मांडून ठेवलेलें नव्हतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं २००१ सालीं पारंपरिक ज्ञानाचें एक अंकीय ग्रंथालय उभारण्याचें काम भारतांत सुरू झालें. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांतील औषधयोग त्यांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरविलेले आहेत.

पेटंट हा मुळांत एक करार आहे. शोधकानें आपली युक्ति उघडपणें लिहून द्यावी आणि शासनानें त्याला ठराविक मुदतीपुरता एकाधिकार द्यावा, असा हा व्यवहार. भारतांत याविषयींचा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. त्याच वर्षीं कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्रासाठीं अर्ज केला. सध्यांचा कायदा १९७० चा असून तो १९७२ पासून अमलांत आहे. त्यांत पुढें दुरुस्त्या झाल्या आणि आज पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षांची आहे. मुदत संपली कीं ती युक्ति सर्वांची होते. म्हणून पेटंटांचा संग्रह म्हणजे मनुष्याच्या कल्पकतेचें एक प्रचंड वाचनालयच होय.

हा संग्रह सामान्य उद्योजकाच्या हातीं यावा, या हेतूनें भारत सरकारनें १९८० सालीं नागपुरांत पेटंट माहिती यंत्रणा स्थापन केली. देशोदेशींचीं पेटंट-विवरणें जमा करणें, मागणीप्रमाणें त्यांत शोध घेणें आणि प्रती पुरविणें, हें तिचें काम ठरलें. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाहि याच शहरांत आहे.

असा शोध घ्यावा कसा, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, नागपूरच्या दक्षिण भागांतील हुडकेश्वर येथें एका कारागिरानें संत्रीं सोलण्याचें यंत्र बनविलें. त्यावर घरची शिल्लक खर्चण्यापूर्वीं त्यानें संग्रह पाहिला पाहिजे. नुसत्या 'संत्रें' या शब्दानें मात्र काम भागणार नाहीं. कोणी तेंच यंत्र 'लिंबूवर्गीय फळांचें' म्हणून नोंदविलें असेल, तर कोणी केवळ 'फळांचें' म्हणून. पेटंट लिहिणारा आपला हक्क जितका पसरेल तितका पसरवितो. त्यामुळें व्यापक शब्द मुद्दाम योजले जातात.

यासाठीं शब्दांबरोबर वर्गीकरणाचा आधार घ्यावा लागतो. १९७१ च्या स्ट्रासबुर्ग करारानें पेटंटांचें आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठरलें. त्याचे ए पासून एच पर्यंत आठ विभाग असून उपविभाग ७०,००० हून अधिक आहेत. फळें मोठ्या प्रमाणावर सोलण्याचीं यंत्रें 'ए २३ एन' या वर्गांत येतात; स्वयंपाकघरांतील लहान सोलणीं मात्र 'ए ४७ जे' या वर्गांत. दोन्ही दालनें पाहिल्याविना आपलें यंत्र नवें आहे, असें म्हणणें धाडसाचें होईल. शिवाय भारतांत अर्ज साधारणतः १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. तेव्हां आज केलेल्या शोधांत गेल्या दीड वर्षांतले बरेचसे अर्ज दिसणारच नाहींत. शोधाची तारीख आणि वापरलेले शब्द व वर्ग वहींत टिपून ठेवावेत आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां शोध घ्यावा, हेंच शहाणपणाचें.

संग्रह उभारण्याहून तो राखणें अधिक कष्टाचें असतें. पहिली अडचण नांवांची. मुंबईंत १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीं मुद्रणाच्या खिळे पाडणाऱ्या यंत्राचा शोध लावून परदेशांत कीर्ति मिळविली. इंग्रजींत त्यांचें आडनांव कोठें शेवटीं 'वाय' हें अक्षर लावून, तर कोठें त्यावांचून आढळतें. एकच रूप घेऊन शोधणाऱ्यास या मराठी शोधकाचें अर्धें कार्य दिसणारहि नाहीं. म्हणून अशीं सर्व रूपें परस्परांशीं जोडून ठेवणें हें संग्रहपालाचें कर्तव्य ठरतें.

दुसरी अडचण हक्काच्या स्थितीची. पेटंट मिळाल्यावर तें जिवंत ठेवण्यासाठीं तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचें शुल्क भरावें लागतें. तें चुकलें तर पेटंट मुदतीपूर्वींच सरतें. तरीहि सरल्यापासून १८ महिन्यांच्या आंत तें पुन्हां जिवंत करण्यासाठीं अर्ज करतां येतो. आपल्या कारागिरास आड येणारें पेटंट मिळालें, तर त्यानें खचून न जातां तीन प्रश्न विचारावेत: तें भारतांत घेतलेलें आहे काय, त्याची मुदत उरली आहे काय, आणि शुल्क भरलेलें आहे काय? पेटंटाचा अंमल देशापुरताच असतो. केवळ अमेरिकेंत घेतलेलें पेटंट हुडकेश्वरांतील कारखान्यास अडवूं शकत नाहीं. मात्र माल अमेरिकेस पाठवावयाचा झाल्यास तेंच पेटंट आडवें येईल.

यांतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर नोंद अद्ययावत असण्यावर अवलंबून आहे. सरलेलें पेटंट चालू दिसलें, तर होतकरू कारागीर उगाच हात आंखडून बसतो. चालू पेटंट सरलेलें दिसलें, तर तो खटल्यांत सांपडतो. संग्रहाच्या एका रकान्यांत वेळेवर न भरलेली तारीख कोणाच्या तरी संसाराला अशी भोंवते. म्हणून नव्या शोधांचें कौतुक करतांना, जुन्या शोधांच्या नोंदी नीट राखणाऱ्यांच्या कामाचेंहि मोल समाजानें जाणलें पाहिजे.