स्वागताध्यक्षांचे भाषण : त्र्यंबक ते सिरोंचा



नाशिककरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक करावं, जेवणाची वेळ सांगावी आणि लवकर खाली बसावं, असा संकेत आहे. गावाचं कौतुक आमची मिसळ सकाळीच करून गेली असेल. उरलेली दोन कामं करीनच, पण मधे थोडा वेळ मागून घेतो.

इथून जवळच त्र्यंबकला, ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी तेलंगणात शिरते आणि सिरोंच्याजवळ पुन्हा एकदा महाराष्ट्राच्या कडेला लागते. सिरोंचा गडचिरोली जिल्ह्यात. संशोधनातून आरोग्य धोरण कसं घडतं, याचं आपल्याकडचं सर्वांत ठसठशीत उदाहरणही त्याच जिल्ह्यातलं.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं केलं, ते आधी मोजायचं असं ठरवूनच. लहान मुलांच्या न्यूमोनियावरचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, ते मोजावं लागतं. आणि गावातल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग त्यांनी एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. मला विचाराल तर त्या लेखातल्या तक्त्यांइतकंच मोल या मण्यांचं आहे.

पुढे नवजात बाळं. ३९ गावांत काम आणि तुलनेला ४७ गावं. थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायका, आरोग्यदूत, घरोघर जाऊन बाळाचं वजन करायच्या, त्याला ऊब द्यायच्या आणि जंतुदोष दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले. घरोघरी नवजात बाळाची काळजी आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली २०११ मध्ये. मधे बारा वर्षं गेली. आपल्याकडे एक कुंभमेळा होऊन दुसरा यायला लागतात तेवढी.

आणि धोरणात आला तो पुरावाही सोलून आला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईच्या सहा भेटी, घरी झालं तर सात. त्यासाठी २५० रुपये. इंजेक्शन मात्र तिच्या हाती दिलं नाही. त्यामागे सुरक्षिततेची कारणं होती, तशी आमच्या डॉक्टर मंडळींची कुरकुरही होती. गडचिरोलीच्या बाईला जे जमलं ते आमच्या सुरगाण्याच्या बाईला का जमू नये, यावर उद्याच्या सत्रात भांडण व्हावं, अशी माझी इच्छा आहे.

आता एक कबुली. तरुणपणी मी एका आदिवासी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी होतो. मासिक सभेत वरिष्ठ म्हणाले, “एवढे बालमृत्यू कसे दाखवता? जरा बघा.” मी बघितलं. तिसऱ्या दिवशी गेलेलं एक बाळ माझ्या रजिस्टरमध्ये ‘मृत जन्म’ झालं. शाईही त्याच पेनाची होती. त्या बाळाला आईने दोन दिवस पाजलं होतं, हे नर्सबाईंना माहीत होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

२००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव मोजलेले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. राज्यभर गदारोळ झाला, पुढे शासनाने डॉ. अभय बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. मला मात्र तो अहवाल वाचताना माझंच रजिस्टर दिसत होतं. धोरण मंत्रालयात ठरतं, संशोधन विद्यापीठात होतं, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच शहरात असल्याचा आम्हाला अभिमान आहे. पण धोरण आणि संशोधन, दोन्हींचा कच्चा माल उपकेंद्रातल्या त्या वहीत असतो. तीच खोटी असेल तर पुढचं सगळं संख्याशास्त्र खोट्याचाच गुणाकार.

म्हणून स्वागत समितीने एक छोटा बदल केला आहे. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून आलेल्या आशाताई आणि एएनएम भगिनींसाठी पहिल्या दोन रांगा राखल्या आहेत. त्या संकोचाने मागे बसल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. ताई, कृपया पुढे या. पुढच्या रांगांतल्या मान्यवरांनी जागा करून द्यावी. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. जेवण दीड वाजता आहे.