किनारा नसलेल्या राष्ट्राचं स्वप्न

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. मराठवाड्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा गाव मात्र हैदराबादच्या निजामाच्याच राज्यात राहिलं. निजामाला हैदराबादचं वेगळं राष्ट्र हवं होतं. हाली सिक्का हे स्वतःचं चलन होतं, स्वतःची रेल्वे होती. नव्हता तो फक्त समुद्रकिनारा! तरी लातूरचे वकील कासिम रझवी भाषणांत गर्जत, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा फडकेल. आज याचं हसू येतं. पण या वल्गनांपायी मराठवाड्यानं रझवींच्या सशस्त्र रझाकारांचे भयंकर अत्याचार सोसले. १३ सप्टेंबर १९४८ला हैदराबादविरुद्ध भारत सरकारची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसांच्या आठवणी जरूर लिहून घ्या.