लिननचं माहेर

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात कर्मचारी विचारतो, ‘‘लिनन मिळालं का?’’ आणि दोन पांढऱ्या चादरी, उशीचा अभ्रा असलेलं पाकीट हातात ठेवतो. श्रोतेहो, नाव लिननचं असलं, तरी आतलं कापड सहसा सुती असतं. युरोपात एके काळी चादरी, टेबलावरचं कापड, आतले कपडे बहुतेक लिननचेच असत. पुढे स्वस्त सुती कापड आलं, नाव मात्र जुनंच राहिलं.

हा शब्द मुळात विशेषण. वूलपासून वूलन, तसं ‘लीन’पासून लिनन. जुन्या इंग्रजीतलं हे लीन म्हणजे एक झुडूप, लॅटिनमध्ये ‘लीनम’. त्याच्या दोऱ्याला म्हणत ‘लीनिया’. त्या ताणलेल्या दोऱ्यावरूनच ‘लाइन’ आली. बिलं भरायला आपण ज्या लाइनीत उभे राहतो, ती हीच! कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून ‘लायनिंग’. आपला शिंपी अस्तर म्हणायचं सोडून आता तेच म्हणतो.

आणि हे झुडूप कोणतं? आपलं जवस. ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, तेच. लिनियसने १७५३ मध्ये त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘अत्यंत उपयोगी’.

वऱ्हाडातल्या माझ्या चुलतभावाला हे सांगितलं, तेव्हा तो माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून बघतच राहिला. त्याच्याकडे जवस झोडपून झालं, की काड्या जळणात. ‘‘मंग आपून चुलीत सदरेच जाळत होतो का रे बाप्पा!’’ म्हणाला.

अगदी तसं नाही. आपलं जवस तेलासाठी पेरलेलं, बुटकं, फांद्या फुटलेलं. कापडाचं जवस उंच, सरळसोट वाढवतात. लांब धागा तुटू नये म्हणून कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग काड्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या, विंचरायच्या, तेव्हा कुठे सालीतला धागा सुटतो. इजिप्तमधल्या ममी गुंडाळल्या त्या याच धाग्याच्या कापडात.

आपल्याकडेही या कापडाला शब्द होता. संस्कृतात जवसाला ‘क्षुमा’, त्याच्या वस्त्राला ‘क्षौम’. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेला एक झाड क्षौमच देतं. पुढे क्षौमचा अर्थ रेशमी वस्त्र असाही होऊ लागला आणि जवसाची आठवण पुसली गेली. मला याची हळहळ वाटते. घरच्या रोपाचं कापड आपण परक्या नावाने, चढ्या भावाने घेतो.

चुलतभावाने या खेपेला हौसेने काड्यांची एक पेंढी हौदात भिजत घातली आहे. फार वास सुटलाय म्हणे. वहिनी चिडल्या आहेत.